यंत्राला कान किती?

‘आठ ट्रॅकचे घ्यावे की चोवीस ट्रॅकचे?’ असा प्रश्न घेऊन अलीकडे बरेच स्नेही माझ्याकडे येतात. कोणाला सप्ताहात गाणाऱ्या आपल्या मेळाचे भजन जपून ठेवायचे असते, कोणाला मुलीचे नाट्यगीत, कोणाला घरातील वृद्ध माणसाचा आवाज. माझा व्यवसाय वकिलीचा आणि संगीताशी संबंध श्रोत्याचा, फार तर चवथीला कांसाळे धरण्याइतका. तरीही लोक मला विचारतात, कारण असे एक यंत्र विकत घेऊन मी फसलो आहे हे त्यांना ठाऊक आहे. फसलो म्हटले तरी फसवणूक कोणी केली नव्हती. खोक्यावर जे छापले होते ते अक्षरशः खरे होते. त्या कलमाचा अर्थ लावण्यात मी चुकलो. वकिलाने अशी चूक करावी आणि वर ती छापून कबूल करावी हे शोभणारे नसले, तरी प्रस्तुत लेखाला दुसरा आधार नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. साध्या ध्वनिमुद्रकात गायक, संवादिनी, तबला, टाळ या सर्वांचे आवाज एकत्र मिसळून उतरतात. दुधात साखर विरघळली की ती पुन्हा काढता येत नाही, तशीच त्या आवाजांची गत होते. बहुट्रॅक यंत्रात प्रत्येक आवाज आपापल्या स्वतंत्र पट्ट्यावर उतरतो आणि त्या पट्ट्यालाच ट्रॅक म्हणतात. गाणे संपल्यावर, चार दिवसांनी किंवा चार वर्षांनी, स्वस्थ बसून तबला थोडा मागे सारता येतो किंवा गायकाचा आवाज पुढे आणता येतो. हे सारे संगणकावरही होते, आणि संगणकावर अधिक चांगले होते असे जाणकार म्हणतात. परंतु ओसरीवर संगणक मांडला की गाणारा माणूस त्या पडद्याकडे पाहू लागतो, संगणकातील पंख्याचा घरघराट मुद्रणात उतरतो, आणि नेमक्या वेळी तो काहीतरी परवानगी मागत बसतो. म्हणून संगणकावाचून चालणारे, बटणे आणि सरकत्या कळा असलेले स्वतंत्र यंत्र घरात बरे, या मताचा मी आहे. त्याच्या इवल्याशा पडद्यावरील अक्षरे चाळिशीनंतर दिसत नाहीत, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

या यंत्राचा वंश पाहिला म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल हा स्वतःच्याच वादनावर पुन्हा स्वतःचे वादन चढवीत असे. आरंभी हे काम त्याने तबकड्यांवर केले, आणि १९५७ साली अँपेक्स कंपनीने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचे फितीचे यंत्र तयार करून दिले. एक माणूस आपणच आपली साथ करतो ही कल्पना या यंत्राच्या मुळाशी आहे. पुढे टीॲक कंपनीने १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, आणि सोबत आवाज कमीअधिक करण्याच्या कळा, एवढा संसार टेबलावर मावू लागला. जे काम मोठ्या मुद्रणगृहात होत असे ते निजण्याच्या खोलीत आले. आज दुकानात दिसणारी यंत्रे कॅसेटऐवजी नखाएवढ्या कार्डावर मुद्रण करतात, पण ती याच घराण्यातील आहेत.

या घराण्याची कीर्ती ज्या एका मुद्रणाने झाली त्याचा दाखला नेहमी दिला जातो. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने न्यू जर्सीतील आपल्या घरात, १९८१ संपून १९८२ उजाडण्याच्या सुमारास, याच १४४ यंत्रावर काही गीते कच्च्या स्वरूपात उतरवून घेतली. हेतू एवढाच की आपल्या वाद्यवृंदाला चाली कळाव्यात. पुढे वाद्यवृंदासह मुद्रणगृहात तीच गीते पुन्हा करून पाहिली, आणि ती काही केल्या जमेनात. अखेर खिशात बाळगलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. घरगुती यंत्र विकणारे आणि विकत घेणारे दोघेही ही कथा मोठ्या आवडीने सांगतात. चार ट्रॅकमध्ये एवढे झाले तर चोवीस ट्रॅकमध्ये किती होईल, असा त्यातून अर्थ काढतात. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्प्रिंगस्टीनने गिटार आणि गायन वेगवेगळे उतरवले नाही. दोन माइक लावून दोन्ही एकाच वेळी, एका बैठकीत घेतले, आणि मागाहून काय घालायचे ते उरलेल्या दोन ट्रॅकवर घातले. म्हणजे गाण्याचा प्राण जिथे होता तेवढा भाग त्याने तोडला नाही. तो एकटा गाणारा माणूस होता, त्याचा प्राण दोन माइकमध्ये मावला.

आमचा मावला नाही. माझे थोरले मामा भजन गात. कोठे शिकलेले नव्हते. सप्ताहातून, दिंडीतून, ऐकून ऐकून गळ्यात बसलेले गाणे. वय ऐंशीच्या पुढे गेले तरी आवाज खणखणीत होता, आणि अभंग चढवीत नेण्याची त्यांची एक रीत होती, ती आता कोणाकडे दिसत नाही. त्यांचे गाणे राहावे म्हणून तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी यंत्र आणले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८ ट्रॅक’ असे होते. मी मनाशी हिशेब केला : मामांचा आवाज एक, संवादिनी दोन, तबला-डग्गा चार, टाळ पाच, मागचे टाळकरी आठपर्यंत. सारे जमले. यंत्र उघडल्यावर कळले की ट्रॅक आठ आहेत, पण माइक दोनच लागतात. आठही ट्रॅक एकत्र वाजतील हे खरे, परंतु एका वेळी भरता येणार दोनच. बाकीचे एकामागून एक, आधीचे हेडफोनवर ऐकत ऐकत भरायचे. माहितीपत्रकात हे लिहिलेले होते, लहान टायपात.

मी हार मानली नाही, आणि तीच चूक झाली. एका दुपारी मामा आणि त्यांची संवादिनी एवढेच उतरवून घेतले. पुढच्या रविवारी तबलजी आले. वयाने माझ्याहून मोठे, मामांना तीस वर्षे साथ केलेले. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, मामांचा आवाज सुरू केला आणि मी खूण केली. त्यांचे हात तबल्यावर होते, पण ते वाजवीनात. थोड्या वेळाने हेडफोन काढून म्हणाले, ‘वकीलबाब, हांव कोणाक साथ दिवूं? हांगा कोणूच ना.’

त्यांचे म्हणणे मला तेव्हा भावनेचे वाटले. पुढे ऐकताना ते तंतोतंत शास्त्रीय असल्याचे समजले. ठेका नसल्यामुळे मामा काही जागी रेंगाळले होते. समेवर तबलजी भेटतील या सवयीने ते जिथे थांबत, तिथे भेटायला कोणी नव्हते म्हणून ते पुढे निघून गेले होते. भजनात मुख्य गायक ओळ टाकतो आणि टाळकरी ती उचलतात. उचलणारे नसल्यामुळे मामांनी दोन्ही वेळा ओळ आपणच म्हटली होती. नंतर घेतलेले टाळकरी त्यांच्या आवाजावर आवाज घालत राहिले, उत्तर देण्याची जागाच त्यांना नव्हती. आणि ज्या चढत्या लयीसाठी हा सारा खटाटोप, ती लय वाढलीच नाही, कारण ती एकटा माणूस वाढवीत नसतो. तबलजींनी तीन संध्याकाळी खपून प्रत्येक मात्रा जागेवर बसवली. त्यात बेताल काही नाही. ते गाणे आजही माझ्याकडे आहे. कोणी पाहुणा आला तर मी ते लावत नाही.

आम्ही न्यायालयात साक्षीदार तपासतो तेव्हा पुढचा साक्षीदार बाहेर बसवतो. एकाने दुसऱ्याचे ऐकून आपली साक्ष बदलू नये हा हेतू. एकावर एक थर चढवणारे ध्वनिमुद्रण अशाच शंकेखोर बुद्धीने चालते : प्रत्येकाला वेगळे घ्या, तपासा, चुकले तर तेवढेच पुन्हा म्हणवून घ्या. भजन, आरती किंवा नाट्यगीत यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे एकाने दुसऱ्याचे ऐकून आपली साक्ष बदलावी हीच अपेक्षा असते, आणि बदलत नसेल तर त्याला आपण साथीदार म्हणतच नाही. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन हात, दोन पाय आणि मुख यांनी निरनिराळे ताल एकाच वेळी दाखवीत असे सांगतात. ते एकटे बहुट्रॅक यंत्र होते म्हणायला हरकत नाही. पण त्यांच्यातही पाचही ट्रॅक एकाच वेळी चालत, एकामागून एक भरलेले नसत, म्हणून तर त्याचे कौतुक.

जुन्या मुद्रणांकडे पाहावे. केरीच्या केसरबाई केरकरांचे भैरवीतील साडेतीन मिनिटांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेले. त्या मुद्रणात गायन आणि साथ सारे एकत्र विरघळलेले आहे. तबला मागे आहे, आणि त्याला पुढे आणण्याची सोय कोणालाही नाही. तरी ते गाणे जिवंत आहे, कारण जे उतरले ते एका बैठकीचे उतरले. मग साधेच यंत्र का घेऊ नये? एक माइक मधोमध ठेवून मोकळे का होऊ नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही माझ्याकडे दुर्दैवाने तयार आहे. मामांचे आणखी एक मुद्रण आमच्याकडे आहे. त्याच्या आदल्या चवथीला भाच्याने मोबाइलवर केलेले. ओसरीवर घुमट, शामेळ, कांसाळे, वीस-पंचवीस माणसे. आणि भाचा उभा होता कांसाळ्यांच्या शेजारी. लय अशी चढते की ऐकताना अंगावर काटा येतो, पण मामांचा आवाज शोधावा लागतो. एका मुद्रणात मामा आहेत आणि गाणे नाही. दुसऱ्यात गाणे आहे आणि मामा नाहीत. बहुट्रॅक यंत्राचा आमच्यासारख्यांना खरा उपयोग या दोहोंच्या मध्ये आहे. माणसे एकत्र बसावीत, एकमेकांना पाहावीत, एकदम गावे. यंत्राने मात्र प्रत्येकाचे वेगळे ऐकून ठेवावे. मामा त्या माघात गेले. पुन्हा बसणे झाले नाही.

तेव्हा ट्रॅक किती हे विचारण्याआधी यंत्राला कान किती, म्हणजे एका वेळी किती माइकचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरतात, हे विचारावे. हा आकडा खोक्यावर मोठा नसतो, पण माहितीपत्रकात असतोच. काही उदाहरणे देतो. टास्कॅमचे ‘डीपी-००८ईएक्स’ आणि झूमचे ‘आर८’ ही दोन्ही आठ ट्रॅकची, कान दोन. झूमचे ‘आर१६’ सोळा ट्रॅकचे, कान आठ. टास्कॅमचे ‘डीपी-२४एसडी’ चोवीस ट्रॅकचे आणि ‘डीपी-३२एसडी’ बत्तीस ट्रॅकचे. परंतु कान दोघांनाही आठच. भजनी मेळासाठी चोवीस आणि बत्तीस यांत काडीचा फरक नाही, आणि आर८ व आर१६ यांत जमीन-अस्मानाचा आहे. आकड्यांकडे पाहून हे कोणी ओळखणार नाही. टास्कॅमचे ‘मॉडेल १२’ किंवा झूमचे ‘एल-८’, ‘एल-१२’ ही दुसऱ्या जातीची यंत्रे : मुळात ती सभामंडपात ध्वनिवर्धकासाठी लागणारे मिक्सर, आणि जे जे त्यांच्यातून जाते ते वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवून ठेवणारी. माझ्या मते आमच्या लोकांना हीच जात सर्वांत सोयीची, कारण देवळातल्या मेळाला मिक्सर तसाही लागतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. आठ माणसे एका ओसरीवर बसली आणि आठ माइक लावले, तरी आठ शुद्ध, निर्भेळ ट्रॅक मिळणार नाहीत. गायकाच्या माइकमध्ये तबला येणार, तबल्याच्या माइकमध्ये टाळ येणार. गायकाची एखादी ओळ चुकली तर तेवढीच पुसून पुन्हा घेता येणार नाही, कारण तिचा प्रतिध्वनी इतर सात ट्रॅकवर राहिलेला असतो. म्हणजे एवढे करून हाती काय लागले? तोल साधण्याचा अधिकार. गायकाला चार बोटे पुढे आणता येते, कांसाळ्यांना चार बोटे मागे नेता येते. मला तेवढे पुरेसे वाटते. चुकलेली ओळ चुकलेली राहू द्यावी. देवासमोर म्हटलेली आरती पुन्हा म्हणून दुरुस्त करण्याची रीत आपल्याकडे नाही.

तोल नीट साधावा म्हणून माइक कोठे ठेवायचे याला यंत्राइतकेच महत्त्व आहे. माइक आणि वाद्य यांत जेवढे अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावे, असा मुद्रणकारांचा जुना ठोकताळा आहे. वीतभर अंतरावर माइक असेल तर शेजारचा माइक हातभराहून पुढे. घुमटाचे प्रकरण वेगळे आहे. त्याला दोन तोंडे. एक कातडे ताणलेले, ज्यावर थाप पडते. दुसरे उघडे, जे वादक तळव्याने झाकतो-उघडतो आणि ज्यातून तो खोल गुंजारव बाहेर पडतो. उघड्या तोंडासमोर माइक धरला तर नुसता गुंजारव येतो, कातड्यासमोर धरला तर नुसती थाप. किंचित बाजूला, दोन्ही पोचतील अशा जागी, हाताने धरून पाहतच जागा शोधावी लागते. (२०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य ठरवले ते योग्यच झाले. मात्र त्यावर घोरपडीचे कातडे चढवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, बकऱ्याचे चढवावे. पक्षकार होऊन माझ्याकडे येण्यापेक्षा हे आधी वाचलेले बरे.)

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. यंत्रातच असलेला यांत्रिक ठेका आणि टिकटिक करणारा मात्रामापक यांवर पैसे घालू नयेत. चढती लय त्यांना कळत नाही. नाजूक आवाज टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला यंत्रातून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो किती माइकांना मिळतो हे पाहावे. आवाजाची पातळी बेताने ठेवावी, नाहीतर आरतीच्या अखेरीस कांसाळी आवाज फाडतात आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. पावसाळ्यात वीज जाते. ‘एल-८’सारखे यंत्र चार साध्या सेलांवर चालते, ‘मॉडेल १२’ ला मात्र वीजच लागते. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट, आठ ट्रॅकना तासाला चार गीगाबाइटच्या थोडे वर जागा लागते. ३२ गीगाबाइटच्या कार्डावर सात तासांहून अधिक मावते. परंतु कार्ड म्हणजे दप्तर नव्हे. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती काढाव्यात.

दोन कानांच्या यंत्राची मी निंदा केली असे कोणाला वाटू नये. एकटा बसून चाली बांधणारा, स्वतःच पेटी वाजवून स्वतःच गाणारा, किंवा मांडोचे दोन्ही स्वर आपणच म्हणून पाहणारा असा कोणी असेल, तर त्याच्यासाठी ते यंत्र उत्तम आहे. स्वस्त, हलके आणि झोळीत मावणारे. वाईट यंत्र मला मिळाले नव्हते. एकट्या माणसाचे यंत्र मी मेळासाठी आणले होते.

कायद्याचे एक बोलून ठेवतो. घरच्यासाठी केलेल्या मुद्रणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची हरकत नाही. कलम ३९ मध्ये खाजगी उपयोगाची सवलत स्पष्ट आहे. परंतु तेच मुद्रण लोकांत प्रसिद्ध करायचे झाले तर कलाकाराचे हक्क येतात, आणि ‘कलाकार’ या शब्दात मागे बसलेला टाळकरीही येतो. गाण्याआधी, चहा होतो तेव्हा, सर्वांची संमती कागदावर घ्यावी. मेळात पुढे होणारी बरीच भांडणे तिथेच मिटतात.

गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी आठ कानांचे जुने यंत्र घेतले आणि चवथीला ओसरीवर मांडले. कांसाळेवाल्यांना दाराजवळ नेले, त्यांच्यासाठी वेगळा माइक ठेवलाच नाही. सर्व माइकांत ते आपण होऊन येतात. तबलजींनी हेडफोन हातात घेऊन परत दिला. मामांच्या जागी त्यांचा नातू आरती उचलायला बसला. त्याचा आवाज पातळ आहे, पहिल्या दोन कडव्यांत घाबरलेला आहे, आणि तिसऱ्यापासून घुमटवाले त्याला वर घेऊन जातात. तोल साधताना मी त्याला फक्त दोन बोटे पुढे आणले आहे.